डोळ्याएवढी लेन्स

मिशीदादानं जिन्यातला फोटो खिळ्यावरून उतरवला, बाहीनं काच पुसली आणि अंगणातल्या बाकावर तो चक्क उलटा टेकवून ठेवला. वरचं खाली, खालचं वर. मग जरा मागं सरून त्यानं हात पाठीशी बांधले आणि चेहरा इतका साळसूद केला की त्याला ओळखणाऱ्यानं तिथल्या तिथं सावध व्हावं.

"बघा मंडळी. काय दिसतंय?"

फाटकाशेजारच्या दुकानातून सलूनवाला कंगवा हातात घेऊनच बाहेर आला. आत खुर्चीवर अर्ध्या डोक्याचं गिऱ्हाईक तसंच बसून राहिलं. तळमजल्यावरचे पेन्शनरकाका कपाळावरचा चष्मा नाकावर घेत पुढं झाले.

"डोंगर," सलूनवाला म्हणाला.

"सुरेख!" पेन्शनरकाका म्हणाले. "खाली धुकं काय दाट पसरलंय, वा!"

"ते धुकं नाही काका, आभाळ आहे. फोटो उलटा आहे."

अंगणात हशा पिकला. पेन्शनरकाकांनी चष्मा परत कपाळावर चढवला, जणू चूक त्याचीच होती.

"हेच सांगतोय मी," मिशीदादा म्हणाला. "डोंगराचा फोटो उलटा काय नि सुलटा काय. आमच्या एक्स-रेबाई उगाच पाठीवर ओझं घेऊन चढत होत्या. माझ्या दुकानात आल्या असत्या तर चुरगळलेल्या अस्तराचा ढीग दाखवला असता. काढा फोटो, म्हणा हिमशिखर!"

मिशीदादा म्हणजे इमारतीच्या तोंडावरचा लेडीज टेलर. हात सोन्याचा, डोकं मात्र रिकामं राहायला तयार नाही. मागं पेन्शनरकाकांनी पायजमा आखूड करायला टाकला, तर यानं तो केला नीट, पण दोन्ही खिशांची तोंडं बारीक टाक्यानं शिवून परत दिला. काका तीन दिवस खिशात हात घालायला बघत होते आणि वयाला दोष देत होते. सलूनवाल्याच्या एप्रनला यानं एकदा तिसरी बाही लावली होती. एवढं करूनही कुणाला त्याचा राग येत नसे, कारण त्याची मिशी. ती अशी भरघोस आणि टोकाशी अशी वळलेली की तिच्याकडे बघून माणूस आपोआप हसे. दुकानाच्या पाटीवर नावाऐवजी तीच रंगवलेली होती. सुई, दोरा आणि मिशी.

हशा ओसरायच्या आत फाटकातून एक्स-रेबाई आल्या. इस्पितळातलं काम आटोपून, खांद्याला पिशवी, डावा पाय जरा जपून टाकत. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांची चाल अशीच होती. इस्पितळातल्या काळोख्या खोलीत त्या लोकांच्या हाडांचे फोटो काढायच्या. 'श्वास रोखा' आणि 'हलू नका' याखेरीज त्यांच्या तोंडून तिसरं वाक्य काढणं म्हणजे कोरड्या टिपकागदातून शाई पिळणं. त्यांना हसताना तर कुणीच पाहिलं नव्हतं.

त्यांनी बाकावरचा फोटो उचलला, सुलटा केला, पुन्हा ठेवला.

"बाई, रागावू नका," मिशीदादा म्हणाला. "पण सगळे फोटो थापाडे असतात. माझ्याकडे बायका फोन घेऊन येतात, म्हणतात, अगदी असाच ड्रेस शिवा. आता फोटोतली कंबर मी कापडात कुठून आणू?"

"ते लेन्सवर असतं," बाई म्हणाल्या. "रुंद लेन्स डोंगराचं ढेकूळ करते. लांबची लेन्स त्याला ओढून नाकासमोर आणते. माझी साधी आहे. डोळ्याला जेवढं, तेवढंच तिला."

हे त्यांचं वर्षभरातलं सगळ्यात मोठं भाषण होतं. आणि खोटं नव्हतं. गिर्यारोहण क्लबातली पोरं तोफांसारख्या लेन्स गळ्यात घालून निघायची. बाईंच्या कॅमेऱ्याला मात्र एकच आखूड, काळी, पन्नास मिलिमीटरची स्टँडर्ड लेन्स. वीस वर्षं तीच. जवळचं हवं तर जवळ जायचं, सगळं हवं तर मागं सरायचं, आणि मागं कडा असेल तर जेवढं मावतं तेवढ्यावर भागवायचं.

"म्हणजे," मिशीदादाचे डोळे चमकले, "तुम्ही जिथून काढलात त्या शिखरावर मी जाऊन उभा राहिलो आणि हा फोटो डोळ्यांसमोर धरला, तर फोटो आणि डोंगर टाक्याला टाका बसायला हवेत?"

बाईंनी पिशवी खांद्यावर नीट केली. मग फोटोच्या चौकटीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "हातभर अंतरावर धरावा लागतो."

"आपल्याकडे साक्षीदारच आहे की! काय हो मेहुणे?"

मेहुणा पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता. मिशीदादाच्या बायकोचा हा धाकटा भाऊ त्यांच्याच घरी राहायचा, कुरिअरच्या कचेरीत कामाला होता. पूर्वी हा इतका भित्रा की लिफ्ट थांबताना जरा हिसका बसला तरी भिंत धरायचा. पण दोन वर्षांपूर्वी तो एक्स-रेबाईंबरोबर त्या शिखरावर जाऊन आला आणि माणूस बदलला. दाढी राखली, क्लबात नव्या पोरांना दोराच्या गाठी शिकवायला लागला. अंगणातली लहान मुलं त्याला 'शिखरकाका' म्हणत. जिन्यातला हा फोटो तेव्हाचाच, शिखरावरून काढलेला. सगळ्या इमारतीला पाठ होता.

"तुम्ही तर होता तिथं," मिशीदादा म्हणाला. "सांगा, असंच दिसतं वरून?"

"हो. म्हणजे... साधारण."

"साधारण म्हणजे? हा डावीकडचा सुळका वरून असाच दिसतो? आणि मधला हा, त्याच्या आडून नुसतं नाक काढतोय, तो? बोला की! शिखरावर गेला होता का पिकनिकला?"

लोक हसले. मेहुण्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"त्याला कशाला विचारता?" एक्स-रेबाई एकदम म्हणाल्या. "स्वतः जाऊन बघा. शिखरावर फोटो नाही बसला, तर मी या बाकावर उभी राहून नाचेन."

अंगणात अशी शांतता पसरली की सलूनमधल्या अर्ध्या डोक्याच्या गिऱ्हाइकानंही पडदा बाजूला केला. बाई? नाचणार?

मिशीदादाला वाटलं आपल्याला लॉटरी लागली. त्यानं मिशीला पीळ दिला. "आणि बसला, तर ही मिशी इथंच, भर अंगणात, सलूनवाल्याच्या वस्तऱ्याखाली!"

वरच्या खिडकीतून त्याच्या बायकोचा आवाज आला. "अहो, जिभेला काही हाड? पाटीवर मग काय रंगवाल, नाक?"

पण बाण सुटला होता. त्या दिवसापासून सगळी इमारत मिशीदादाच्या बाजूनं झाली. त्याच्यावर प्रेम होतं म्हणून नव्हे. बाईंना नाचताना बघायचं होतं म्हणून. पेन्शनरकाकांनी तर आपला जुना टेपरेकॉर्डर लगेच दुरुस्तीला टाकला.

*

मिशीदादानं मेहुण्याला वाटाड्या म्हणून घेतलं. बाई बरोबर आल्या नाहीत. गुडघा आता फक्त जिन्यापुरता, असं म्हणाल्या. निघायच्या सकाळी त्यांनी त्याच फोटोची एक प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून मिशीदादाच्या हातात दिली.

"वाकवू नका. एक डोळा मिटून बघा," एवढंच बोलल्या. मेहुण्याकडे त्यांनी बघितलं, पण त्याला काही सांगितलं नाही.

मेहुण्याला जायचंच नव्हतं हे बसमध्ये बसल्यापासून कळत होतं. आधी म्हणाला, ढग असतील. मग म्हणाला, भाऊजी, तुमचं रक्तदाबाचं काय? मग म्हणाला, वरचा रस्ता खचलाय असं ऐकलंय. मिशीदादा प्रत्येक वेळी मिशी कुरवाळायचा आणि म्हणायचा, "बाईंचा नाच बुडवतोस काय, गाढवा?"

तळाच्या निवाऱ्यात रात्र काढून उजाडताना ते चढायला लागले. पहिल्या चढावरच मिशीदादाच्या लक्षात आलं की आपल्या पायांना आजवर फक्त शिलाई मशीनचा पायटा ठाऊक आहे. छातीचा भाता झाला. तरी उपजत खोड जाईना. मेहुणा पाणी प्यायला वाकला की हा त्याच्या पाठपिशवीत एक दगड सरकवायचा. एक, मग दुसरा, मग एक चांगला नारळाएवढा. दर वेळी वाट बघायचा की आता हा ओरडेल, आता शिव्या देईल. मेहुणा मुकाट उठायचा, पट्टे ओढायचा आणि चालू लागायचा. पाठीवर काय आहे याचं त्याला भानच नव्हतं. चौथा दगड हातात घेऊन मिशीदादा थबकला, आणि तो त्यानं हळूच वाटेकडेला ठेवून दिला. ज्याला चिमटा लागत नाही त्याला चिमटा काढण्यात काय मजा?

झाडं संपली. मग गवत संपलं. एका वळणावर डोंगर असा अचानक अंगावर आला की मिशीदादाची बडबड बंद पडली. समोर दरी, दरीपलीकडं काळेकभिन्न कडे, आणि त्यांच्या माथ्यावर बर्फ, नुकत्याच इस्त्री केलेल्या पांढऱ्या कापडासारखं, एकही सुरकुती नाही. त्यानं घाईघाईनं फोन काढून फोटो घेतला आणि पडदा बघून खट्टू झाला.

"हे काय? हे तर वारूळ आलंय!"

"रुंद लेन्स असते फोनची," मेहुणा म्हणाला. सकाळपासूनचं त्याचं पहिलं धड वाक्य.

"आणि आपल्या बाई म्हणतात ती?"

"ती..." मेहुण्यानं समोर बघितलं. "त्या कॅमेरा डोळ्याला लावतच नाहीत आधी. नुसत्या उभ्या राहतात. कितीतरी वेळ. क्लबातली पोरं शंभर फोटो काढून मोकळी होतात, तोवर बाई पाय कुठं ठेवायचा तेच ठरवत असतात. एक पाऊल डावीकडं, अर्धं मागं. मग खाली बसतात, परत उठतात. मग एकच काढतात."

"म्हणजे माप घेतात," मिशीदादा म्हणाला. त्याला ते एकदम पटलं. कापायच्या आधीचा तो वेळ त्याच्या ओळखीचा होता.

दुपारच्या आत ते डोंगराच्या खांद्यावर पोचले. छोटीशी सपाट जागा, खोलीएवढी. एका अंगाला सरळ कातळ, दुसऱ्या अंगाला काहीच नाही, नुसती हवा. तिथून पुढं एक अरुंद धार शिखराकडं गेलेली. धारेला लोखंडी साखळी ठोकलेली, धरून जायला. आणि पलीकडं शिखर, इतकं जवळ की तिथं माणूस उभा असता तर त्याच्या टोपीचा रंग ओळखता आला असता.

"झालंच की!" मिशीदादा म्हणाला. "चल. साखळी तू आधी धर, मला दाखव कशी धरायची ते. तू येऊन गेलायस."

मेहुणा कातळाला पाठ लावून खाली बसला.

"भाऊजी," तो म्हणाला, "फोटो इथंच लावून बघा."

"इथं? अरे, शिखर तिकडं आहे."

"लावून बघा तर."

मिशीदादानं पाकिटातून फोटो काढला, हातभर अंतरावर धरला, आणि सुईत दोरा ओवताना मिटतो तसा एक डोळा मिटला. जुळत नव्हतं. डावीकडचा सुळका फार डावीकडं होता. तो जरा सरकला. मधल्या शिखरानं आडून नाक काढलं, पण जास्तच. तो खाली बसला. आता नाक तेवढंच झालं. अजून थोडं कातळाकडं, अगदी मेहुण्याच्या खांद्याला खांदा लागेपर्यंत. आणि मग सगळं एकदम जागेवर आलं. सुळक्याची धार फोटोच्या कडेतून बाहेर पडून खऱ्या डोंगरात सलग चालू राहिली. दरीतली नदी कागदातून निघून जमिनीवर वाहत गेली. फोटो कुठं संपतो आणि डोंगर कुठं सुरू होतो ते शोधून सापडेना. त्यानं फोटो खाली घेतला. डोंगर तेवढाच. वर धरला. तेवढाच. आयुष्यभर त्यानं दोन कापडं जोडली होती, पण शिवण दिसणारच नाही असा जोड त्याला कधी जमला नव्हता.

"च्यायला," तो पुटपुटला. "फुगवलं नाही की आकसलं नाही."

मग त्याचा हात खाली आला. तो जिथं बसला होता ती जागा त्यानं नीट बघितली. शेजारी बसलेल्या मेहुण्याकडं बघितलं. समोरच्या साखळीकडं बघितलं.

"तुम्ही वर गेलाच नाही," तो म्हणाला.

मेहुण्यानं मान हलवली. मग बोटानं खडे बाजूला करत तो सांगायला लागला.

"आम्ही दोघंच होतो. बाकीचे खाली निवाऱ्यात पोट धरून पडलेले. इथवर आलो आणि ती धार बघितली, अन् भाऊजी, माझे पाय गेले. म्हणजे होते, पण माझे नव्हते. मी म्हटलं, बाई, तुम्ही जा, मी बसतो इथं. त्या म्हणाल्या, बरं. निघाल्या पण. मी एक शब्द बोललो नाही, शपथ. पण त्यांच्या जॅकेटचा कोपरा माझ्या मुठीत होता. ती मूठ मला उघडता येईना."

"मग?"

"त्यांनी मुठीकडं बघितलं. मला वाटलं, आता एकेक बोट सोडवतील. तर माझ्याजवळ खाली बसल्या आणि म्हणाल्या, 'सोडू नकोस. वाऱ्यानं हलतेय मी, फोटो हलेल. असाच घट्ट धरून ठेव.'"

वारा कातळावरून घासत गेला. मिशीदादानं फोटो मांडीवर ठेवला.

"फोटोला त्यांनी केवढा वेळ लावला! म्हणाल्या, तो ढग सरकू दे. मग म्हणाल्या, सावली अजून उतरू दे. मला तेव्हा खरंच वाटलं उजेडाची वाट बघतायत. तोवर माझा श्वास जागेवर आला, मूठ सुटली, तेव्हा त्यांनी एकदाच बटण दाबलं. मग शिखराकडं बघितलं. आभाळ भरून आलं होतं. म्हणाल्या, चल, उतरू. पुढच्या वर्षी त्यांचा गुडघा गेला."

"आणि घरी येऊन तू छाती काढलीस."

"ताई दारातच उभी होती. मी नाहीच म्हणणार होतो. पण तिनं विचारायच्या आधी मिठी मारली. रडत होती. म्हणाली, माझा भाऊ शिखरावर गेला! मग कसं सांगू? बाई बाजूला उभ्या होत्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. आणि मग पोरं शिखरकाका म्हणायला लागली." त्यानं गुडघ्यात डोकं घातलं. "रोज जिन्यातून जाताना तो फोटो माझ्याकडं बघतो."

मिशीदादानं पुन्हा फोटो वर धरला. उगाचच. त्याला ते अंगण आठवत होतं, लाल झालेले कान, आणि बाईंनी एकदम मधे पडून लावलेली पैज. शिखरावर फोटो बसणार नाही हे त्या अंगणात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातलं एक घाबरून टाकीला टेकलं होतं, आणि दुसरं बाकावर नाचायला तयार झालं होतं. बाईंनी पैज जिंकायला लावलीच नव्हती. मिशीदादानं आजवर शेकडो लोकांना मामा बनवलं होतं. पण सगळ्या इमारतीला मामा बनवायचं, तेही स्वतः हरून, आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता? ही विद्या त्याच्यापाशी नव्हती. त्यानं मनातल्या मनात कान पकडले.

"शिखरावर जाऊन लावला," तो हळूच म्हणाला, "तर मी जिंकलो."

"हो."

"बाई नाचतील."

"हो." मेहुण्यानं एक खडा दरीत टाकला. "तुम्ही जा, भाऊजी. मी थांबतो. सगळं सांगितलंत तरी चालेल."

मिशीदादानं साखळीकडं बघितलं, शिखराकडं बघितलं, मग फोटो नीट पाकिटात सरकवला. मिशीची दोन्ही टोकं त्यानं एकदा बोटांनी चाचपून घेतली, दुकान बंद करताना कुलूप ओढून बघतात तशी.

"माप घेऊन झालंय," तो म्हणाला. "आता कापड ओढत बसायचं नसतं. ऊठ. आणि ती पिशवी आधी रिकामी कर. माझे तीन दगड आहेत तिच्यात."

मेहुण्यानं पिशवी उघडली. नारळाएवढा दगड हातात घेऊन तो मिशीदादाकडं बघत राहिला. मग हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते थांबायला बराच वेळ लागला.

*

फाटकात शिरले तेव्हा अंगण गच्च भरलेलं होतं. पेन्शनरकाका टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत. पोरं टाकीवर चढलेली. बाक कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून ठेवला होता, पाय घसरू नये म्हणून कोरडाही केला होता. जिन्याच्या शेवटच्या पायरीशी एक्स-रेबाई उभ्या होत्या. पायात कापडी बूट, नाड्या दुहेरी गाठीनं आवळलेल्या. केस घट्ट बांधलेले. ऑपरेशनच्या गुडघ्यावर पट्टा. त्या पुढं येऊन बाकापाशी थांबल्या.

मिशीदादाचं लक्ष त्या पट्ट्यावर गेलं आणि तिथंच राहिलं.

"बोल की दादा!" सलूनवाला ओरडला. "बसला का फोटो?"

मिशीदादानं मधोमध जाऊन सगळ्यांना नमस्कार केला, निवडणुकीतल्या उमेदवारासारखा.

"मंडळी, वस्तरा काढा. बसला. केसभर फरक नाही."

"आं?" पेन्शनरकाकांचं बोट टेपच्या बटणावरच राहिलं. "नीट बघितलंस का?"

"काका, तासभर बघितलं. माझ्या मिशीचा प्रश्न होता, तुमच्या नव्हे!"

अंगणातून मोठा हिरमुसला सुस्कारा निघाला, आणि पाठोपाठ त्याहून मोठी आरोळी. बाई नाहीत तर बाई नाहीत, मिशी तर आहे! सलूनवाला पळत जाऊन स्टूल घेऊन आला.

एक्स-रेबाई जवळ आल्या. त्यांनी आधी मिशीदादाकडं बघितलं, मग त्याच्या मागं खाली मान घालून उभ्या असलेल्या मेहुण्याकडं. मग पुन्हा मिशीदादाकडं. वीस वर्षं लोकांच्या आतलं बघायची सवय असलेले डोळे.

"मी तयारी केली होती," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"दिसतंय," मिशीदादा तितक्याच हलक्या आवाजात म्हणाला. "बूट छान आहेत. फोटोही फार छान आहे, बाई. असं काम मी बघितलं नव्हतं."

बाकाचा आधार घेऊन बाई जरा टेकल्या, पाय मोकळा करत.

मिशीदादा स्टुलावर बसला, गळ्याला टॉवेल बांधून घेतला. साबण लागला. "अहो, निदान डोळे तरी मिटा!" त्याची बायको म्हणाली आणि स्वतःच तोंडावर पदर घेतला. सलूनवाल्यानं उजवी बाजू आधी उतरवली आणि मुद्दाम थांबून सगळ्यांना दाखवली. पोरं टाकीवरून खाली पडायच्या बेतात आली. मग डावी. टॉवेलवर काळेपांढरे केस पडले, आणि इतकी वर्षं ऊन न बघितलेला वरचा ओठ उघडा पडला, सोललेल्या बटाट्यासारखा. पेन्शनरकाकांनी शेवटी टेप लावलाच.

"बघा, बघा!" मिशीदादा उठून चारी बाजूंना वळला. "माझ्या आईलाही हे दर्शन सोळा वर्षांपर्यंतच घडलं!"

लोक पोट धरून हसत असताना मेहुणा पुढं आला आणि रिकाम्या स्टुलावर बसला.

दोन वर्षांपूर्वी शिखराहून आल्यापासून त्यानं दाढी राखली होती, गिर्यारोहकांची असते तशी, चांगली जबड्याभर. तिच्यावर त्यानं एकदा हात फिरवला.

"माझी पण काढा," तो सलूनवाल्याला म्हणाला.

"तुझी कशाला? पैज दादाची होती."

"काढा."

"वा रे पठ्ठ्या!" पेन्शनरकाका टाळ्या वाजवायला लागले. "भाऊजींसाठी! मेहुणा असावा तर असा!" सगळ्या अंगणानं टाळ्या धरल्या.

फक्त त्याची बहीण पदर खाली घेऊन पुढं आली. "काय रे? तू कुठं हरलास?"

"सांगतो, ताई. आधी ही उतरू दे."

एक्स-रेबाईंनी मिशीदादाच्या गळ्यातला टॉवेल सोडून घेतला. दोनदा झटकला. मग मेहुण्याच्या मागं जाऊन त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला आणि मानेशी गाठ मारली, फार घट्ट नाही, फार सैल नाही. सलूनवाला वाटीत फेस घोटायला लागला.